हिशेब क्षणाचा, हेलपाटा मोठा: कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन समजून घेताना

गेल्या रविवारी शिकवणीला आलेल्या एका मुलीने तास संपल्यावर विचारलं, “सर, लॅपटॉप घ्यायचाय. दुकानदार म्हणतोय, प्रोसेसर भारीतला घ्या वो, रॅम आठ असू दे, मागनं वाढवता येतंय. खरं काय ते?” मुलगी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता बेळगावात इंजिनिअरिंगचं तिसरं सेमिस्टर. उसाचं बिल आलं की वडील पैसे देणार आहेत. त्यात २०२५च्या अखेरीपासून मेमरीच्या चिपांचे भाव जगभर चढलेत, कारण एआयची मोठमोठी डेटा सेंटरं मिळेल तेवढी मेमरी उचलतायत. रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, आठ जीबीची घ्यायची की सोळाची, हा प्रश्न त्यामुळे तिच्या घरात जड झालाय.

मी म्हटलं, “याचं उत्तर तुझ्या याच सेमिस्टरच्या अभ्यासात आहे.” तिचा चेहरा उतरला. कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनच्या पहिल्या इंटर्नलमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या चाचणीत, तिने आकृत्या जशाच्या तशा काढल्या होत्या, एकही बाण चुकला नव्हता, पण ‘ही मांडणी अशीच का?’ या प्रश्नाखाली कागद कोरा होता. मीही हा विषय असाच शिकलो. फळ्यावर चौकोन यायचे, आम्ही ते उतरवून घ्यायचो, आणि त्या चौकोनांतून काय धावतं, कशासाठी धावतं, हे विचारायचं राहून जायचं. तिच्यासारखी मुलं बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर भागात पुष्कळ आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

## ‘ऑर्गनायझेशन’ म्हणजे मांडणी

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या २०२२च्या योजनेत कॉम्प्युटरच्या मुलांना तिसऱ्या सेमिस्टरला ‘डिजिटल डिझाइन आणि कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन’ हा चार क्रेडिटचा विषय असतो. अर्धा भाग लॉजिक गेटचा, म्हणजे वीज आहे की नाही एवढ्यावर बेरीज-वजाबाकी करणाऱ्या सर्किटांचा. तो मुलांना जमतो. उरलेला अर्धा भाग मांडणीचा, आणि घोडं अडतं ते तिथे.

गल्लीतलं किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाइकाला एवढंच माहीत असतं की काय मागता येतं: पाव किलो शेंगदाणे, अर्धा लिटर तेल. या ‘काय मागता येतं’च्या यादीला आर्किटेक्चर म्हणतात. मालकाने डबे कुठे ठेवलेत, पोरगा किती कामाला ठेवलाय, गोदाम मागे आहे की रविवार पेठेत, हे सगळं ऑर्गनायझेशन. दोन दुकानांत मागणी तीच, मांडणी वेगळी, आणि म्हणून एका ठिकाणी दोन मिनिटांत सुटका होते, तर दुसऱ्या ठिकाणी ताटकळावं लागतं.

हा भेद कागदी नाही. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएम कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ नावाचं यंत्रांचं अख्खं कुटुंब जाहीर केलं. लहान यंत्र स्वस्त आणि मंद, मोठं महाग आणि वेगवान, पण मागणीची यादी सगळ्यांची एक. लहान यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम मोठ्यावरही चालायचा. त्याआधी यंत्र बदललं की प्रोग्रॅम नव्याने लिहायला लागायचे.

## यंत्राची भाषा, आणि आपल्याकडचे दुभाषी

मागणीच्या त्या यादीतली एकेक ओळ म्हणजे एक सूचना: ‘या दोन आकड्यांची बेरीज कर’, ‘त्या जागेवरचा आकडा आण’. सूचना इतक्या साध्या असतात. रिस्क-फाइव्ह नावाची एक खुली, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारी यादी आहे, २०१० साली अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात सुरू झालेली. तिच्या ३२ बिटांच्या मूळ संचात फक्त ४० सूचना आहेत. आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ प्रोसेसर याच यादीवर बांधलेत. व्हिडिओ, खेळ, बँकेचे व्यवहार, सगळं शेवटी असल्याच मूठभर सूचनांनी होतं.

आपण मात्र सी किंवा पायथन अशा प्रोग्रॅमिंगच्या भाषांत लिहितो. मधे दुभाषी लागतो, आणि दुभाष्याचं काम सीमाभागातल्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आजीला नाडकचेरीत, म्हणजे सरकारी कार्यालयात, अर्ज द्यायचाय, आजीला कन्नड येत नाही. एक रीत अशी: नातवाने घरी बसून सगळा अर्ज कन्नडमध्ये लिहून काढायचा, मग तो कागद कितीही वेळा दाखवा, नातू सोबत नसला तरी चालतं. हा कंपायलर. दुसरी रीत: नातू टेबलाशी उभा, आजी एक वाक्य बोलते, तो लगेच ते कन्नडमध्ये सांगतो. हा इंटरप्रिटर. दुसऱ्या रीतीत आधी तयारी लागत नाही, पण प्रत्येक खेपेला नातू हजर लागतो आणि वेळ जास्त जातो. सीचे प्रोग्रॅम सहसा पहिल्या रीतीने चालतात. पायथन बराचसा दुसऱ्या.

## सूचना आणि माल एकाच फळीवर

१९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनियाक यंत्राला नवं गणित द्यायचं तर तारा काढून दुसरीकडे खोचायला लागायच्या आणि बटणं फिरवायला लागायची. त्यात दिवस जायचे. १९४५च्या जूनमध्ये गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या नावाने एक मसुदा फिरला होता. एनियाक घडवणाऱ्या एकर्ट आणि मॉक्ली यांच्यासोबतच्या चर्चांतून आलेली कल्पना त्यात होती: सूचनासुद्धा आकड्यांतच लिहा आणि माहितीच्या शेजारीच मेमरीत ठेवा. २१ जून १९४८ रोजी मँचेस्टरमध्ये अशा रीतीने चालणाऱ्या यंत्राने पहिला प्रोग्रॅम चालवला.

तुमच्या पुस्तकातली ‘आण, ओळख, कर’ ही साखळी इथून निघाली. प्रोसेसर मेमरीतून एक सूचना आणतो, ती कसली आहे ते ओळखतो, ते काम करतो, आणि पुढच्या सूचनेसाठी परत मेमरीकडे जातो. नीट बघा, या साखळीत काम एकदाच आहे आणि मेमरीची वारी प्रत्येक सूचनेमागे. आणायचा माल निराळा असेल तर आणखी एक वारी. या वाऱ्या म्हणजेच हेलपाटे. या विषयातल्या बहुतेक युक्त्या हेलपाटे कमी करण्यासाठी किंवा त्यांत गेलेला वेळ दुसऱ्या कामी लावण्यासाठी आहेत. माझ्या मते पहिल्या तासाला एवढं एकच सांगितलं तरी निम्म्या आकृत्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

## हेलपाटा केवढा, ते मोजून बघू

प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका म्हणजे कामाचं सर्वांत लहान माप. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. एका ठोक्याच्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम १० सेंटिमीटर जातो, वीतभरही नाही. एवढा वेळ आपल्या कल्पनेत मावत नाही, म्हणून एक ठोका म्हणजे एक सेकंद असं धरू आणि दुकानात परत जाऊ.

मालकाच्या हातात जे आहे ते रजिस्टर, प्रोसेसरच्या आतल्या मोजक्या जागा. तिथलं काम एका सेकंदात. हाताशी असलेली फळी म्हणजे कॅश, प्रोसेसरच्याच चिपवरची छोटी मेमरी. तिच्या सर्वांत जवळच्या भागातून वस्तू काढायला चारेक सेकंद. दुकानामागची खोली म्हणजे रॅम. तिथे जाऊन यायला साधारण पाच मिनिटं. रविवार पेठेतलं गोदाम म्हणजे एसएसडी, फायली कायमच्या साठवायची जागा. या मापाने तिथला हेलपाटा साडेतीन दिवसांचा. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून माल मागवला, तर जवळजवळ एक वर्ष.

आकडे यंत्रागणिक थोडे इकडेतिकडे होतात, पण प्रमाण हेच. बेरीज एका सेकंदात होते, आणि तिच्यासाठीचा आकडा मागच्या खोलीत असेल तर पाच मिनिटं हात बांधून बसायचं.

मग कॅश वाचवते कशी? हुशार दुकानदार दोन गोष्टी ओळखून असतो. पहिली: आत्ता मागितलेली वस्तू थोड्या वेळात पुन्हा मागितली जाते. एकादशीच्या आदल्या संध्याकाळी एकाने साबुदाणा मागितला, की तो पोतं पुढेच ओढून ठेवतो. दुसरी: एका वस्तूच्या शेजारची वस्तूही लागते. मागच्या खोलीत गेलाच आहे तर तो एक पुडा न आणता अख्खा खोका आणतो. प्रोसेसरही एक आकडा मागितला की त्याच्या शेजारचे मिळून बहुधा ६४ बाइट, म्हणजे मेमरीची ६४ लहान घरं, एकदम उचलतो. चार बाइटांचे १६ पूर्णांक त्यात बसतात. पंधरा हेलपाटे वाचले.

हे माझ्या सांगण्यावरून मानू नका, करून बघा. सीमध्ये ८००० ओळी आणि ८००० स्तंभांचा पूर्णांकांचा तक्ता घ्या आणि सगळ्यांची बेरीज करा. एकदा आडव्या ओळींनी, एकदा उभ्या स्तंभांनी. कंपायलरच्या आपोआप होणाऱ्या सुधारणा बंद ठेवा आणि वेळ मोजा. उत्तर तेच, बेरजा तेवढ्याच, ६ कोटी ४० लाख. पण सी भाषेत तक्ता ओळीमागून ओळ असा मांडलेला असतो, म्हणून आडवं गेलात तर आणलेल्या खोक्यातले सोळाही पुडे कामी येतात. उभं गेलात तर प्रत्येक पुड्यासाठी नवा खोका, आणि पुढच्या स्तंभाला परत येईपर्यंत हाताशी ठेवलेला आधीचा खोका हलवलेला. दुसऱ्या वेळेला कित्येक पट वेळ लागतो. माझ्याकडच्या मुलांनी हा प्रयोग केला, त्या दिवशी ‘लोकॅलिटी’ हा, दुकानदाराने ओळखलेल्या त्या दोन गोष्टींचा पुस्तकी शब्द पाठ करायची गरज संपली.

## मग सगळीच मेमरी कॅशसारखी का करत नाहीत?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो रास्त आहे. दोन अडचणी आहेत. कॅशमधला एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, साठवायला साधारण सहा ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे बारीक स्विच, लागतात. रॅममध्ये एक ट्रान्झिस्टर आणि विजेची एक बारीक साठवण, म्हणजे कपॅसिटर, एवढ्यावर भागतं. म्हणून रॅम स्वस्त आणि आटोपशीर. पण ती साठवण म्हणजे बारीक भोक पडलेली घागर. विजेचा भार झिरपत राहतो, म्हणून ठरावीक वेळाने, सहसा ६४ मिलिसेकंदांच्या आत, प्रत्येक घागर वाचून पुन्हा भरायला लागते. ‘डायनॅमिक रॅम’मधला ‘डायनॅमिक’ तो हाच.

दुसरी अडचण पैशाने सुटत नाही. फळी मोठी केली की तिचं दुसरं टोक लांब जातं. शंभर फूट लांब फळी हाताशी कशी राहील? म्हणून एकाच मोठ्या कॅशऐवजी तीन पायऱ्या असतात: अगदी जवळची लहान, तिच्यामागची मोठी, तिच्यामागची आणखी मोठी.

आता लॅपटॉप. रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टिम कमी लागणारा माल गोदामात पाठवते आणि लागला की परत मागवते. ब्राउझरच्या वीस खिडक्या, कोड लिहायचा एडिटर, मोबाइल ॲप तपासायचा एम्युलेटर, हे सगळं आठ जीबीत चेपलं की पाच मिनिटांच्या हेलपाट्याच्या जागी साडेतीन दिवसांचा हेलपाटा येतो. प्रोसेसर कितीही भारी असो, तो रविवार पेठेच्या रस्त्याकडे डोळे लावून बसतो. आणि ‘मागनं वाढवता येतंय’ हे प्रत्येक लॅपटॉपला लागू नाही. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावर कायमची सोल्डर केलेली असते. म्हणून मी त्या मुलीला सांगितलं: प्रोसेसर मधला चालेल, रॅम सोळा बघ, आणि ते परवडत नसेल तर आठचाच घे, पण रॅमची जागा मोकळी आहे का हे दुकानदाराकडून लिहून घे.

## गुऱ्हाळातली पाइपलाइन

हेलपाट्यांवरची दुसरी युक्ती: एकाचं चाललंय तोवर दुसऱ्याने रिकामं बसायचं नाही. आपल्या भागातल्या मुलांनी हे गुऱ्हाळात पाहिलेलं असतं. चरकावर रस निघतो, काहिलीत उकळतो, वाफ्यात निवतो, साच्यात भरून ढेप होते. समजा प्रत्येक टप्प्याला एक तास. एक आधण चार तासांचं. एक पूर्ण झाल्यावरच दुसरं सुरू केलं तर दहा आधणांना ४० तास. पण कोणी असं करत नाही. पहिला रस काहिलीत गेला की चरकावर दुसरा ऊस चढतो. मग पहिली ढेप चार तासांनी, आणि पुढे दर तासाला एक. दहा आधणं १३ तासांत.

प्रोसेसरमध्ये हेच. पाठ्यपुस्तकातल्या नमुन्यात पाच टप्पे असतात: सूचना आणणे, ओळखणे, करणे, मेमरीशी देवाणघेवाण, उत्तर जागेवर ठेवणे. एका वेळी पाच सूचना पाच टप्प्यांवर. मुलं इथे एक गल्लत करतात. एकेका आधणाचा वेळ कमी झालेला नाही, तो चार तासच आहे. वाढलंय ते दिवसभराचं उत्पादन. परीक्षेत या दोन वेळांची अदलाबदल झाली की गणित चुकतं. दुसरी गोष्ट, खऱ्या गुऱ्हाळात काहिलीला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि सगळ्यांची गती तिच्यावर ठरते. पाइपलाइनमध्येही घड्याळाचा ठोका सर्वांत मंद टप्प्याइतका लांब ठेवावा लागतो. उपायही सारखेच: काहिली दोन करा, किंवा ते काम दोन टप्प्यांत वाटा.

अडथळे कधी येतात? पुढच्या आधणात चुना किती घालायचा ते मागच्या गुळाचा कस बघून ठरणार असेल, तर ढेप होईपर्यंत थांबायचं का? जाणता गुळव्या थांबत नाही. तो काहिलीतूनच थेंब काढून बोटांवर बघतो. एका सूचनेचं उत्तर जागेवर पोचायच्या आधीच मधल्या टप्प्यावरून पुढचीला देणं, याला फॉरवर्डिंग म्हणतात. पुस्तकात त्याची गुंतागुंतीची आकृती असते. गोष्ट एवढीच आहे.

दुसरा अडथळा फाट्याचा. ‘आकडा शून्य असेल तर इकडे जा, नाहीतर तिकडे’ अशी सूचना आली की पुढची कुठली आणायची? उत्तर कळायला काही ठोके लागतात. इथे प्रोसेसर चक्क अंदाज करतो. रोज सकाळी सातला येणारं गिऱ्हाईक कोपऱ्यावर दिसलं की चहावाला कप भरायला घेतो तसं. त्याच सूचना शंभर वेळा फिरवणाऱ्या लूपमध्ये ९९ वेळा मागेच जायचं असतं, त्यामुळे असले अंदाज बहुतेक बरोबर ठरतात. चुकला तर केलेलं काम टाकून द्यायचं.

टाकून दिलं म्हणजे संपलं, असं सगळ्यांना वाटत होतं. ३ जानेवारी २०१८ रोजी ‘स्पेक्टर’ आणि ‘मेल्टडाउन’ हे दोष जाहीर झाले. चुकीच्या अंदाजाने भरलेला चहा ओतून दिला तरी कप ओला राहतो. अंदाजापोटी कॅशमध्ये आलेला माल तसाच राहायचा, आणि कुठली वस्तू पटकन मिळते हे मोजून दुसरा प्रोग्रॅम गुपित ओळखू शकायचा. वीसेक वर्षं जगभर विकल्या गेलेल्या प्रोसेसरांच्या मांडणीतच ही फट होती. तिसऱ्या सेमिस्टरच्या दोन धड्यांचा हा सांधा आहे. एवढी मोठी गोष्ट दुसऱ्या वर्षाच्या मुलाला समजू शकते, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

## ‘पाणी आलंय!’ म्हणजे इंटरप्ट

कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क ही मंडळी प्रोसेसरपुढे फारच सावकाश. त्यांची वाट कशी बघायची? नळाला रोज पाणी न येणाऱ्या गल्लीत राहिलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. एक रीत म्हणजे दर पाच मिनिटांनी उठून नळ सोडून बघायचा. ही पोलिंग. दुसरी म्हणजे आपलं काम करत राहायचं आणि शेजारच्या काकूंची ‘पाणी आलंय!’ अशी हाक आली की गॅस बारीक करायचा, पोळ्या किती झाल्या ते लक्षात ठेवायचं, पाणी भरायचं आणि परत त्याच पोळीवर यायचं. हा इंटरप्ट. ‘कुठे होतो ते लक्षात ठेवणं’ यंत्रालाही करावं लागतं. पुस्तकात रजिस्टर जपून ठेवण्यावर पानभर मजकूर असतो, तो यासाठी. आणि टाकीला आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह लावून ‘भरली की सांग’ म्हटलं, तर ते डीएमए. माल प्रोसेसरच्या हातून न जाता थेट मेमरीत पडतो.

बेळगावातल्या उद्यमबागच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुलांना हा धडा सर्वांत आधी उपयोगी पडतो. लेथवर आणीबाणीचं बटण दाबलं तर कंट्रोलर ते किती वेळात ऐकणार, हा तिथे कुणाच्या तरी हाताबोटांचा प्रश्न असतो.

## ३२ बिट म्हणजे किती मोठं मापटं?

२ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत ‘सेमिकॉन इंडिया’ या चिप-उद्योगाच्या मेळाव्यात ‘विक्रम ३२०१’ हा रॉकेटांसाठीचा ३२ बिटांचा प्रोसेसर पंतप्रधानांना देण्यात आला, तेव्हा गावागावांतल्या ग्रुपवर विचारणा झाली: ३२ बिट म्हणजे काय, आणि आपल्या मोबाइलमध्ये ६४ असताना ३२चं कौतुक का? बिट म्हणजे शून्य किंवा एक लिहायचं एक घर. प्रोसेसर एका दमात किती घरांचा आकडा हाताळतो, ते हे माप. जुन्या जीपच्या किलोमीटर मीटरला पाच घरं असली तर ९९,९९९नंतर शून्य येतं, तसंच इथेही.

४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभरही टिकलं नाही. ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांच्या घरात कोंबला जात होता, जिथे ३२,७६७च्या वर जागाच नाही. जुन्या एरियान ४साठी तो आकडा कधी एवढा मोठा झाला नव्हता, म्हणून तोच प्रोग्रॅम पुढे वापरला गेला. असाच एक दिवस आपल्यापुढे आहे. १९ जानेवारी २०३८ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, वेळ ३२ बिटांत मोजणारी जुनी यंत्रं २,१४,७४,८३,६४७वर पोचतील आणि पुढच्या सेकंदाला १९०१ सालात जातील.

अपूर्णांकांचं दुखणं वेगळं. शंभर रुपये तिघांत वाटताना ३३.३३३ संपत नाही, तसं शून्य-एकच्या भाषेत एक-दशांश कधी संपत नाही. कुठेतरी तोडावं लागतं. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात धाहरान इथे शत्रूची क्षेपणास्त्रं हवेतच पाडणारी अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा सुमारे शंभर तास सलग चालू होती. दर दशांश सेकंदाला तोडलेला तो कण साचत साचत ०.३४ सेकंद झाला. तेवढ्या वेळात येणारं क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे गेलं होतं. २८ सैनिक मेले. पैशांचे हिशेब लिहिणाऱ्या मुलांना म्हणून मी बजावतो: रुपयांचे पैसे करा आणि पूर्णांकांतच ठेवा.

विक्रमकडे परत येतो. तो चंडीगडलगत मोहालीच्या सरकारी कारखान्यात १८० नॅनोमीटरच्या तंत्राने बनलाय. मोबाइलच्या चिपांपुढे हे तंत्र जुनं आहे, हे खरं. पण रॉकेटच्या थरथराटात, पराकोटीच्या थंडीत आणि उष्णतेत न चुकणं ही त्याची कसोटी. त्याआधीचा १६ बिटांचा ‘विक्रम १६०१’ २००९पासून इस्रोच्या रॉकेटांत काम करतोय.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर एक आपल्या घरची गोष्ट. अक्षरंही यंत्रात आकडेच असतात. युनिकोड या जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत देवनागरी ‘म’चा क्रमांक २३५०, कन्नड लिपीतल्या ‘म’चा ३२४६. ‘क’चे २३२५ आणि ३२२१. दोन्हीकडे फरक ८९६. भारतीय लिप्यांसाठी आधी ठरवलेल्या एका प्रमाण मांडणीत सगळ्या लिप्यांची वर्णमाला एकाच क्रमाने लावली होती, युनिकोडने तीच उचलली. बेळगावच्या रस्त्यावर शेजारी शेजारी दिसणाऱ्या या दोन लिप्यांत यंत्राच्या दृष्टीने बहुतेक अक्षरांपुरती एका बेरजेचं अंतर आहे.

## एआय कोड लिहितं, मग हे शिकायचं कशाला?

आजकाल पालकही हे विचारतात. एआय चालू शकणारा कोड लिहून देतं, हे मी रोज बघतो. त्या तक्त्याची बेरीज उभी की आडवी हे तुम्ही सांगितलं नाही तरी ते काहीतरी लिहून देईल आणि उत्तर बरोबर येईल. ते मंद का चाललंय, हा प्रश्न मात्र तुम्हालाच पडावा लागतो, आणि ज्याला हेलपाटा माहीतच नाही त्याला तो पडत नाही. शिवाय ही एआयची यंत्रं ज्या चिपांवर चालतात, तिथली मुख्य अडचण तीच आहे: गुणाकार झटपट होतात, आकडे मेमरीतून आणायला वेळ लागतो. म्हणून तर मेमरीची एवढी ओढाताण, आणि म्हणून आमच्या खानापूरच्या मुलीचा लॅपटॉप महाग.

## इंग्रजी कच्चं असलं तर?

हा आक्षेप मुलं तोंडाने घेत नाहीत, पण मनात हाच सर्वांत मोठा असतो. दहावीपर्यंत मराठी, बाहेर कन्नड, आणि वर्गात एकदम सगळं इंग्रजी. पेपर इंग्रजीतच लिहायचाय, त्यात सूट नाही, म्हणून कॅश, पाइपलाइन, इंटरप्ट हे शब्द इंग्रजीच ठेवा. त्यांना मराठी प्रतिशब्द शोधत बसणं मला व्यर्थ वाटतं. पण त्या शब्दांमागची हालचाल आधी आपल्या भाषेत, मोठ्याने, कुणालातरी सांगा. सांगताना जिथे अडखळाल, ती जागा समजलेली नाही. मग तेच चार साध्या इंग्रजी वाक्यांत लिहा. पेपर तपासणारा भारी इंग्रजी शोधत नसतो, ‘असंच का’ याचं उत्तर शोधत असतो.

त्या मुलीने पुढच्या रविवारी फळ्यापाशी येऊन कॅश मिस समजावला. फळीवर साबुदाणा नाही, पोरगा मागच्या खोलीत गेला, खोका आणला, जागा करायला सर्वांत जुना खोका उचलून मागे ठेवला, आणि तेवढ्यात ज्याचा खोका मागे गेला तेच गिऱ्हाईक आलं. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “मग कुठला खोका हलवायचा हे ठरवतो कोण?” पुढचा तास आम्ही त्यावरच घालवला.